लाल क्रेपची शेपटी

धक्के सुरू झाल्यापासून तलासरीत आम्ही घरात कमी आणि समोरच्या मैदानात जास्त राहत होतो. दिवाळीपासून जमीन अधूनमधून हलायची, खालून कोणीतरी दार ठोठावल्यासारखी. भांडी वाजली की मी श्रुतिकाला उचलून बाहेर पळायचे. चार वर्षांची पोर, तिला गंमत वाटायची. माझा नवरा यतीन शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणायचा, "बारके धक्के आहेत, कविता. जरा श्वास घे." आणि स्वतः ओट्यावर विमान बांधायला बसायचा.

पुण्याच्या एका मित्रानं त्याला जुन्या पद्धतीच्या लढाऊ मॉडेल विमानाचं किट पाठवलं होतं. बाल्सा लाकडाच्या हलक्या फळ्या, नकाशा, मुठीएवढं डिझेल इंजिन. सपाट पाटावर नकाशा पसरून त्यावर तो पंखाच्या फासळ्या टाचण्यांनी उभ्या करायचा आणि एकेक चिकटवायचा. धक्का बसला की त्याचा हात आधी पंखावर जायचा. ते मी पाहून ठेवलं होतं. पंखावर पातळ कागद चढवायला मात्र मीच बसले. पाणी फवारलं की तो सुकताना ढोलकीसारखा ताणला जातो. बाहेरच्या पंखाच्या टोकात त्यानं शिशाचा तुकडा बसवला. "हे वजन नसलं तर तारा ढिल्या पडतात. तारा ढिल्या पडल्या की विमान आपलं राहत नाही."

कारण हे विमान मोकळं उडत नाही. त्याच्या एका पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. तो मध्ये उभा राहून फिरतो, विमान त्याच्याभोवती. लढाईत दोघं जण एकाच मध्यात उभे राहतात. दोन विमानं, प्रत्येकामागे कागदाची लांब शेपटी. आपल्या विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्यानं दुसऱ्याची शेपटी कापायची.

"तुझ्याशी लढणार कोण इथे? हेडमास्तर?"

"हेडमास्तरांना चक्कर येईल. शेपटी नुसती शोभेला गं. तू कापून दे."

बालवाडीच्या सजावटीतला लाल क्रेप कागद उरला होता. त्याची मी शेपटी केली.

पहिल्या दिवशी विमान मी धरलं होतं. यतीन मैदानाच्या मध्यावर गेला, मूठ उचलली आणि पैलवानासारखा शड्डू ठोकून ओरडला, "आहे का कोणी? या मैदानात!"

मी आगरची, समुद्रकाठच्या गावची. आमच्याकडे किनाऱ्यावर उभं राहून नाव न घेता कोणाला हाक मारत नाहीत. नाव नसलेली हाक कोणाचीही होते, म्हणतात. बी.एस्सी. झाले तरी अंगावर काटा यायचा तो आलाच. मी विमान सोडलं आणि वाकून बाहेर पळाले.

उतरलं तेव्हा शेपटी अर्धीच होती.

"वाऱ्यानं फाटली," यतीन म्हणाला.

वाऱ्यानं फाटलेला क्रेप चिंध्या होतो. ही तिरपी, साफ कापलेली होती.

मग रोज नवी शेपटी, आणि रोज ती कापलेली. यतीन शाळेतून आला की चहाही न घेता मैदानात. उडवताना तो आता नुसता फिरत नसे. मध्येच कोपर उचली, मान खाली घाली, अर्धं पाऊल मागे घेई. गर्दीत एखाद्याला वाट द्यावी तसं.

"कोणाला जागा देतोस?"

"तारांना."

पण तारा एकाच विमानाच्या होत्या.

पलीकडच्या पाड्यावरची सुकी नावाची बाई गवताचा भारा घेऊन जाताना थांबली. "बाय, सायबांसोबत पाहुणा कोण गं? लय उंच हाय."

"कोणी नाही गं."

"नाय कसा? जेवायला नाय का घालत त्याला, म्हणून लपवते?" हसत हसत निघून गेली.

त्या संध्याकाळी मी श्रुतिकाचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "मम्मी, काका मला पण देणारे."

"कुठला काका? काय देणार?"

"मूठ."

मी यतीनला सांगितलं, पोरीला त्या मैदानात न्यायचं नाही. तो म्हणाला, "मध्यभाग सगळ्यात सुरक्षित असतो. धोका कडेला असतो, समज जरा." खरंच होतं ते.

रविवारी सकाळी मोठा धक्का बसला. स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. पोरीला घेऊन मैदानात येण्यावाचून इलाज नव्हता. चटईवर तिला बसवलं आणि मला आठवलं, गॅस चालू राहिला. धावत जाऊन बंद करून आले, तर चटई रिकामी. विमान वर गेलेलं. धरून सोडलं कोणी, ते मी अजून विचारलेलं नाही.

श्रुतिका मध्यात होती, यतीनपासून हातभर दूर. दोन्ही हात वर, मुठी घट्ट आवळलेल्या, अंग मागे टाकलेलं. मोठा पतंग ओढतो ना, तसं काहीतरी तिला ओढत होतं. तिच्या चपला धुळीत घासत बाहेरच्या बाजूला सरकत होत्या. आणखी थोडं, की ती यतीनच्या तारांत येणार होती. यतीनचे डोळे आभाळात.

विमान फिरत असताना वर्तुळात शिरायचं नसतं. मी पोटावर पडले आणि सरपटत निघाले. तारा डोक्यावरून सूं करत गेल्या, पुन्हा गेल्या. पोरीची कंबर धरली तेव्हा तिच्याबरोबर मीही ओढली गेले.

"सोड, श्रुतू! मूठ सोड!"

"काका म्हणतो सोडायची नाही."

"यतीन, पाड ते विमान!"

"थांब! त्याची शेपटी थोडीच उरलीय—"

त्याची. म्हणजे त्याला माहीत होतं.

"हिच्याकडे बघ!"

त्यानं पाहिलं. पोरीचे पाय जमिनीवरून सुटले होते. त्यानं मनगट वळवलं आणि महिनाभर जपलेलं विमान सरळ जमिनीत घातलं. फासळ्या मोडल्या, इंजिन मातीत रुतून बंद पडलं.

आणि आवाज मात्र फिरतच राहिला. आमच्याभोवती, वरून, तसाच.

"हरलो म्हण," मी म्हटलं. "तू बोलावलंस, तूच म्हण."

त्यानं मोडलेल्या विमानाकडे पाहिलं. श्रुतिका माझ्या हातांतून वर वर सरकत होती.

"हरलो," यतीन ओरडला. "मी हरलो!"

तिच्या मुठी उघडल्या. ती माझ्या अंगावर कोसळली आणि मी तिला खाली घेऊन तिच्यावर पडले. यतीननं आम्हा दोघींवर हात टाकला. बोटांच्या पेरांवर तिला लाल वळ उठले होते, मी त्यांवर फुंकर घालत राहिले. आवाजानं आणखी एक फेरी मारली, मग वर्तुळ सोडून समुद्राच्या बाजूला सरळ गेला. ऐकू येईनासा झाला तरी आम्ही कोणी उठलो नाही.