आठशे पुस्तकांचा डबा

धुरपताबाईले त्या डब्याचा पहिल्या दिवसापासून राग होता. डबा म्हणजे लॅपटॉप. पण तिनं त्याले कधी लॅपटॉप म्हटलं नाही, मरेपर्यंत म्हणणार बी नाही.

कपाशीचे वाईट वर्षं होते ते. दारव्ह्याच्या आजूबाजूच्या तांड्यांवर तेव्हा जो तो येऊन जाये. पेपरवाले येत, पुण्याचे पोट्टेपोट्ट्या खांद्याले झोळ्या अडकवून येत, गोरे पाहुणे येत. आले की विचारत, "आता तुम्हाला कसं वाटतं?" काय वाटन बाप्पा! चहा पिऊन, फोटो काढून, जाताना काहीतरी ठेवून जात. कोणाले शेळी भेटली, कोणाले शिलाई मशीन. तांड्यावरच्या ख्रिस्ती लोकायचा पाळक, म्हणजे पाद्री, रामधन, धुरपताबाईचा नवरा, त्याले एक अमेरिकेचा साहेब हा डबा देऊन गेला. त्याच्यात म्हणे बायबल समजून सांगणारे आठशे पुस्तकं. समदे इंग्रजीत.

"शेळी मागाची होती," धुरपताबाई म्हणाली. "शेळीनं दूध त देलं असतं."

"शेळी मरते," रामधन म्हणाला.

"अन् हे काय, अंडे देते?"

रामधन हसला अन् बसला वाचत. इंग्रजी त्याले बोट ठेवून ठेवून वाचा लागे, वावरात निंदण केल्यासारखं. पण त्या डब्यात एक सोय होती. वचनावर टिचकी मारली की बाजूले चौकोन उघडे, अन् त्याच्यात आपलं टिपण लिहिता ये. मराठी अक्षरात, आपल्या बंजाऱ्यायच्या गोरमाटी बोलीत, थो रोज लिहे. रविवारी तांड्यावरच्या पत्र्याच्या लहानशा देवळात, चर्च म्हणा, उभा राहून त्याच्यातलंच सांगे. लोकं हसत, रडत, पार उमरखेडकडचे पाहुणे बसून ऐकत. अन् एक उपदेश त्यानं दुसऱ्यांदा कधी केला नाही. "शिळं वाढत नसतो मी लोकाले," म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात रामधन गेला. त्याच्या मातीवरचे फुलं वाळले नाही, त शंकरसिंग दारात हजर.

हा शंकरसिंग बाजूच्याच तांड्याचा. पुण्याच्या बायबल शाळेत दोन वर्षं राहून आला अन् येताना टाय घेऊन आला. मे महिन्यात, जिथं कुत्रं सावली सोडत नाही, तिथं हा टाय बांधून सायकलीवर. उपदेश करे त दर चार वाक्यांमागं म्हणे, "मूळ भाषेत या शब्दाचा अर्थ लय खोल आहे." अन् तिथंच सोडून दे. त्या खोलात ना कोणी उतरलं, ना थो कधी उतरला.

"जय ख्रिस्त, काकी," थो म्हणाला. "काकाचे पुस्तकं माह्या नावानं करून देता का? सेवेसाठी."

"वाचशीन?"

"म्हणजे काय काकी! अभ्यासाशिवाय सेवा होते का?"

धुरपताबाईनं त्याच्याकडं असं पाह्यलं, जसं बाजारात कोणी किडका, पिवळा कवडी कापूस पांढरा म्हणून दाखवते तेव्हा पाहतात. तिले समदं माहीत होतं. रामधन जिवंत असतानाच हा एकदा त्याच्या बाजूले येऊन बसला होता, पेन ड्राइव्ह घेऊन. पुस्तकांकडं पाहतच नव्हता. त्याची नजर टिपणांच्या त्या चौकोनांवर. रामधननं डबा हळूच बंद केला होता. "बापू, आपली भाकर आपण थापाव," एवढंच बोलला.

आता थापणारा गेला होता. अन् हंगामाच्या सणाले यवतमाळहून मंडळीची, म्हणजे चर्चची, कमिटी येणार होती, शंकरसिंगचा उपदेश ऐकाले. पसंत पडला त रामधनच्या जागी थोच पाळक.

धुरपताबाई साफ नाही म्हणणार होती. पण कमिटीचा फोन आला. ते लायब्ररी मंडळीच्या कामासाठी देलेली होती, म्हणे, पुढच्याच्या नावानं करून द्या, हट्ट करू नका. आता बोला! नवरा माहा, वाचून वाचून डोळे गेले ते माह्या माणसाचे, अन् हट्ट म्हणे माहा. पाळक कोणीही होवो, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण या टायवाल्यानं तिच्या माणसाच्या तोंडानं बोलून तिच्या माणसाच्या जागी बसाव, हे तिले सहन होत नव्हतं. तेवढं एक सोडून ती समदं द्याले तयार होती.

सणाच्या आदल्या दिवशी धुरपताबाई अन् शंकरसिंग काळीपिवळीत बसून दारव्ह्याले गेले. बसस्टँडजवळ शीलाचं कॉम्प्युटर सेंटर होतं. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, समदं तिच्याकडंच होये. रामधन गेल्याचा दाखला कंपनीले तिनंच पाठवला होता. कंपनी अमेरिकेची. आता वारसानं हो म्हणाचं तेवढं बाकी होतं.

"मावशी, समजून घ्या," शीला म्हणाली. "हे पुस्तकं काकाचे नव्हते."

"मंग कोणाचे?"

"कंपनीचे. काकाले वाचाची परवानगी होती फक्त. ते परवानगी तुम्ही यायले देऊन राह्यले."

"म्हणजे मक्त्याचं वावर."

"तसंच समजा. अन् विकाचं, द्याचं असन त पुरं द्या लागते. एखादं पुस्तक काढून ठेवलं, असं जमत नाही. अन् आपल्याजवळ नक्कल ठेवता येत नाही."

"औंदाच्या सरकीसारखंच झालं मग. पेरा, पण बी ठेवू नका." धुरपताबाईनं तोंड वाकडं केलं. "देवाच्या पुस्तकाले बी यायनं पाकिटात भरलं."

"आमच्या घरचे कागदाचे पुस्तकं माह्या बापानं मले देले," शीला म्हणाली. "मी पोरीले देईन. कोणाले विचारा नाही लागत." अन् मग पडद्याकडं पाहून म्हणाली, "दादा, अटी वाचून दाखवू का? दोघायचं हो लागते. पहिली अट..."

"मारा टिचकी," शंकरसिंग म्हणाला. त्याचं लक्ष मोबाइलवर. "मले माहीत आहे समदं. पुण्याले आम्ही हेच शिकलो."

"वाचा त खरं, दादा. लांब नाही."

"अहो मॅडम, अटी समद्या सारख्याच रायतात. दाबा. मी दाबू का?" अन् त्यानं वाकून सोताच दाबलं. मग कमिटीच्या साहेबाचा फोन आला म्हणून बाहेर रस्त्यावर गेला, अन् तिथं "येस सर, येस सर" करत हिंडत राह्यला.

पाह्य बाई! दर रविवारी जो माणूस लोकाले सांगते की वाचा, वचन वाचा, रोज वाचा, त्याच्यानं पडदाभर मजकूर वाचल्या गेला नाही. धुरपताबाईनं काचेतून त्याच्याकडं पाह्यलं.

"त्याचं सोड," ती म्हणाली. "मले वाचून दाखव."

शीलानं एकेक अट मराठीत सांगतली. पाचवीवर थांबली.

"मावशी, टिपणं जात नाहीत."

"कुठी जात नाहीत?"

"पुस्तकं दादाच्या नावावर जातीन. पण काकानं सोता लिहिलेले टिपणं काकाच्याच नावाशी राहतात. अन् तुम्ही हो म्हटलं की काकाचं नाव बंद. म्हणजे टिपणं पुसून जातीन. कायमचे."

धुरपताबाईनं काचेकडं पाह्यलं. बाहेर शंकरसिंग टाय सरळ करून राह्यला होता.

"त्यानं हे दाबलं?"

"दाबलं. त्यायचं हो होऊन गेलं. तुमचं बाकी आहे." शीला हळू बोलली. "मी छापून देऊ का? कागद लय जातीन, पण होऊन जाईन. किंवा दादाले बोलवते, थो पेन ड्राइव्हवर..."

"थांब."

धुरपताबाईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. छापले, त कागद घरात येईन. कागद घरात आला की कमिटीचा फोन येईन, मंडळीच्या कामासाठी आहे, हट्ट करू नका. अन् मग दर रविवारी हा टायवाला उभा राहून रामधनचे शब्द फेकन, अन् मधातच म्हणन, मूळ भाषेत अर्थ लय खोल आहे. तिच्या अंगावर काटा आला. अन् नाही छापले त? त माणूस दुसऱ्यांदा गेला समज. इतक्या वर्षांचं त्याचं बसणं, ते बोट ठेवून वाचणं, रॉकेलच्या उजेडात, लाइट आली की पळत जाऊन डबा चार्जिंगले लावणं, समदं एका टिचकीत साफ.

"एक वाचून दाखव," ती म्हणाली. "ते नाही का, बायबलातली विधवा सून दुसऱ्याच्या वावरात सरवा, कापणीत पडलेले कणसं, वेचते, मालक वेचू देते. त्याच्याजवळ काही लिहिलं का त्यानं?"

शीलाले गोरमाटी बोली येत नव्हती. अक्षरं जुळवून जुळवून ती वाचत होती, लहान पोरासारखी. पण धुरपताबाईले पुरं समजत होतं. रामधननं लिहिलं होतं: 'आज धुरपता रागावली. म्हणे, सरवा वेचू देला म्हणून त्या मालकाचं काय एवढं कवतिक करता, वाकून वाकून कंबर त त्या बाईची गेली. मले उत्तर सुचलं नाही. रविवारी हेच सांगाचं. पण हे कोणी म्हटलं ते सांगाचं नाही, नाहीतर डोक्यावर बसन.'

धुरपताबाई एकदम हसली, अन् हसता हसता तिनं डोळे पुसले.

"चोर कुठला!" ती म्हणाली. "अन् मी देवळात बसून म्हणो, माह्या माणसाले काय सुचते!"

"काय लिहिलं, मावशी?"

"काही नाही. नवराबायकोचं आहे." ती सावरून बसली. "कुठी दाबाचं?"

"मावशी, परत येणार नाही हं ते."

"शिळं वाढत नव्हता थो. कुठी दाबाचं तेवढं दाखव."

तिनं बोट ठेवलं अन् दाबलं. शंकरसिंग आत आला तेव्हा त्याच्या नव्या लॅपटॉपवर आठशे पुस्तकं ओळीनं येऊन राह्यले होते. थो मोजत होता, एखाद्यानं बैलजोडी आणली अन् दात पाहावे तसा. चौकोन उघडून पाहाचं त्याच्या मनात बी आलं नाही. आंबा घेतला त कोय त्याच्यात असतेच, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाची घंटा व्हाची होती. धुरपताबाई अंगणात वेणी घालून राह्यली होती. शंकरसिंग पळत आला. टाय मानेमागं गेलेला.

"काकी! ते... ते नाही दिसत!"

"काय नाही दिसत, बापू?"

"ते... त्याच्यात होतं ते."

"पुस्तकं पोचले ना आठशे?"

"पोचले."

"मंग? अखीन काय पाह्यजे?"

शंकरसिंगनं मागं गेलेला टाय पुढं ओढला. टिपणं म्हणाव, त कोणाचे टिपणं, कायले पाह्यजे, हे आलं. अन् कमिटीची जीप तिकडं देवळापुढं उभीच होती.

"काही नाही," थो म्हणाला.

"मंग चाल. अभ्यास करून आलाच असशीन तू."

हंगामाच्या सणाले लोकं आपल्या पिकातलं पहिलं आणून देवळात वाहतात अन् मग त्याचा लिलाव होते. त्या वर्षी वाहणार काय? दोन भोपळे, एक कोंबडा, तुरीच्या चार शेंगा, अन् मधात कापसाचं गाठोडं. पिवळट, किडका, निरा कवडी.

शंकरसिंगनं आपला डबा उघडला अन् एका इंग्रजी पुस्तकातलं वाचून वाचून मराठी करू लागला. "या संदर्भात विद्वानांचे तीन मत आहेत," थो म्हणाला. पहिलं मत संपेपर्यंत कमिटीचा साहेब जांभया देऊ लागला. दुसऱ्या मताले कोंबडा वरडला. पोट्टे खिदळले. धुरपताबाई पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती, अन् तिले इतकं गोड वाटत होतं की देवळात बसून इतकं गोड वाटणं बरं नाही.

तिसरं मत सापडेच ना. वर केलं, खाली केलं. मग त्यानं डबा फाडकन बंद केला अन् रागाच्या भरात त्या गाठोड्याकडं बोट केलं.

"हे काय आणलं तुम्ही? व्यापाऱ्याले चांगला अन् देवाले कवडी कापूस?"

मागून मथुराबाई उठली. म्हातारी, पण आवाज खणखणीत.

"ए टायवाल्या! हेच निघालं औंदा! चांगला पाह्यला का कोणाच्या घरी? तुह्या बापाच्या घरी आहे का?"

शंकरसिंगचा बाप तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला होता. त्याच्याही वावरात तोच निघाला होता. शंकरसिंगनं बापाकडं पाह्यलं. मग मथुराबाईले 'आई' म्हणून गोरमाटीत, हळू आवाजात बोलला, "नाही याडी. आमच्याही घरी हाच आहे." अन् त्यानं गाठोड्यावर हात ठेवला. "हेच निघालं, देवा. हेच घे." अन् खाली बसून गेला.

आमेन म्हणाचं बी इसरला. म्हणालं त्याच्या बापानं.

धुरपताबाई त्याच्याकडं पाहत होती. शिळं नव्हतं, हे तिले कबूल करा लागलं. कच्चं होतं, पण शिळं नव्हतं. तिचा थोडा हिरमोडच झाला.

कमिटी सहा महिने पाहतो म्हणून निघून गेली. दोन दिवसांनी शंकरसिंग पुन्हा दारात. टाय नव्हता. लॅपटॉप काखेत.

"काकी, हे माह्या कामाचं नाही. तुम्हीच ठेवा परत."

"मले कायले? कोणाले तरी देऊन टाक."

"देता येत नाही. एकदाच देता येते म्हणते कंपनी. आता माह्याच नावानं राहीन, मरेपर्यंत."

"तुले कसं माहीत?"

"अटी वाचल्या काल."

"पुऱ्या?"

"पुऱ्या. पाचवी बी." त्यानं खाली पाह्यलं.

धुरपताबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"चाला," ती म्हणाली. "आठशे पुस्तकांपायी एक पान त पुरं वाचलं म्हणाचं तुनं. बस तिथं, चहा टाकते."