हातानं बसवलेलं बूच

मी दिलावरभाईंची लॉरी बोलतेय. जुन्नरच्या अलीकडे, चिंचेखाली उभी असते ती. माझ्या टपावर हल्ली कोंबड्या बसतात.

लढाईत मी पलटणीचं सामान वाहिलं. लढाई संपली, लिलावात निघाले आणि दिलावरभाईंच्या हाती आले. आंबेगावचा हिरडा, बोरीचा कांदा, शिवरात्रीला भीमाशंकरची माणसं, सगळं मी वाहिलं. दिलावरभाई कमी बोलणारे. मोठा चढ चढून आले की बॉनेटवर थाप मारायचे, तेवढंच.

दर खंडेनवमीला ते मला सोमाजी मिस्त्रीकडे न्यायचे. मिस्त्री तेल बदलायचा आणि मग आपली हत्यारं पाटावर मांडायचा. त्या पूजेचा नारळ दिलावरभाईंचा. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी गाड्या फार आल्या होत्या. मिस्त्रीनं जुनं तेल काढलं, तेलाच्या चेंबरचं खालचं बूच बोटांनी फिरवून बसवलं, नवं तेल ओतलं. आवळायला पाना शोधू लागला, तर बायकोनं सगळे पाने उचलून पूजाही करून टाकलेली. मिस्त्री घुटमळला. सणाची गाडी घरापलीकडे कुठं हलतेय, उद्या आवळू, असं पुटपुटत तो जेवायला बसला. दिलावरभाईंना सांगायचं राहून गेलं आणि ते मला घरी घेऊन आले.

दुपारी राघू धनगर धापा टाकत आला. त्याच्या मेंढ्यांचा तळ बोरी बुद्रुकच्या शिवारात पडला होता. बायको तुकाबाई कालपासून अडलेली. सुईणीनं हात टेकले होते आणि डॉक्टरीणबाई जुन्नरला. दिलावरभाईंनी ताट सरकवलं आणि मला हँडल मारलं.

जाताना काही झालं नाही. येताना मागे घोंगडीवर तुकाबाई कण्हत होती. नारायणगावच्या अलीकडे माझं पोट एकदम हलकं झालं. बूच गळून पडलं होतं. रस्त्यावर तेलाची काळी रेघ उठत होती. दिलावरभाईंनी मला थांबवलं, खाली शिरले आणि भोकावर तळहात दाबून धरला. तेल उकळतं होतं. त्यांनी हात काढला नाही. पण तोवर सगळं वाहून गेलं होतं.

राघूनं कुऱ्हाडीनं बाभळीची खुंटी तासली, पागोट्याची चिंधी गुंडाळून ठोकली. आता तेल कुठलं आणायचं? तो जवळच्या वस्तीवर दारोदार फिरला. एक म्हातारी हातात बुधली घेऊन आली.

"घटाच्या दिव्याचं हाय," ती म्हणाली. "दिवा इझला तर इझू द्या. आधी लेकराला न्या."

तिच्यामागून बाकीच्या बायाही आपापली भांडी घेऊन आल्या.

ते करडईचं तेल मला सोसवेना. खुंटीपाशी थेंब थेंब गळत होतं आणि आत लोखंडावर लोखंड घासत होतं. भाजलेल्या हातानं चाक धरून दिलावरभाई पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चल गं माझी बाय. एवढं पोचीव."

मी ओढत राहिले. या चिंचेपाशी इंजिन धरलं, फिरायचंच थांबलं. दवाखाना अर्धा कोस राहिला होता.

घोंगडीची झोळी करून ते पळाले. वाटेवरची माणसं हात लावायला धावली. मी बघत राहिले. दुसरं काय करणार होते?

तुकाबाई वाचली. बाळ गेलं. घटकाभर आधी आणायला हवी होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मला दसऱ्याच्या सकाळी कळलं, मिस्त्री माझ्याखाली निजून ती खुंटी बघत होता तेव्हा. तो बराच वेळ बाहेर येईना.

"नुसतं सांगितलं असतंस, सोमाजी," दिलावरभाई म्हणाले. "हलवलीच नसती. दुसरी गाडी बघितली असती."

माझं इंजिन पुन्हा सुरू झालं नाही. चाकं गेली, दिवे गेले.

दर साली मेंढ्या घेऊन तुकाबाई इथून जाते. पत्रा तापलेला असला तरी माझ्यावर हात ठेवते. "लई पळालीस गं माझ्यापायी," म्हणते. "तू व्हतीस म्हनून पोचले." मग चिमूटभर कुंकू लावते.

बाबांनो, तुम्हाला तोंड आहे. तिला एकदा सांगा. मी पोचवलं नव्हतं तिला. तिचं बाळ माझ्यापायीच गेलं. ते कुंकू मला सोसत नाही.