चिकटलेला नॉब

पाच वाजता शिंपी येणार होता, आणि अडीच वाजून गेले तरी गिअरचा नॉब जागचा हलायला तयार नव्हता.

शिंपी काही कपड्यांचं माप घ्यायला येत नव्हता, तो गाडी न्यायला येणार होता. काटेवाल्यांनीच आठ दिवसांपूर्वी तावातावाने त्याला शब्द दिला होता, "रविवारी पाचपर्यंत मला सगळे गिअर टाकता आले तर गाडी माझी, नाही आले तर तुझी. विषय संपला!" शिंपी बिचारा नुसती तब्येतीची चौकशी करायला आला होता. पण काटेवाल्यांचं डोकं फिरलं की समोरच्याने मुकाट मान डोलवायची, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. सव्वीस वर्षं ते याच गाडीतून बाजारोबाजारी फिरले, दुकानदारांचे काटे सरळ करत. सोमवारी सकाळी निघायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोन महिन्यांत ताळ्यावर आला. बोलणं तर बंद पडलंच नाही. चार दिवस पडलं असतं तर घराला विसावा मिळाला असता, असं बायको म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. पण डाव्या हाताची बोटं अर्धवट वाकून तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले होते, डोळे ठीक, पाय ठीक, गिअर धरता आला तर जवळपास खुशाल चालवा. आता धरणार कसा? नॉब म्हणजे लहानसा गुळगुळीत काळा गोळा. पकडायला जावं तर हातातून निसटायचा.

मुलगी दातांची डॉक्टर. शिंप्याला दिलेला शब्द ऐकला त्याच संध्याकाळी ती दवाखान्यातून दातांचं माप घ्यायचा मऊ लगदा घेऊन आली आणि त्याचा गोळा बाबांच्या वाकड्या मुठीत देऊन म्हणाली, "दाबा. हलू नका. दुखलं तर हात वर करा."

"हात तर तू धरून ठेवलायस, बाई. वर काय करू, पाय?"

ती इतकी हसली की माप दोनदा घ्यावं लागलं. मग आठवडाभर रोज पेशंट संपले की ती त्या मापावरून नवा नॉब घडवत बसली. कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात, त्याच मालाचा. त्यामुळे रंगही तोच, गुलाबी. आकार म्हणाल तर कुणीतरी चावून टाकलेल्या बटाट्याचा. काटेवाल्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गाडीला हिरडी बसवतेस होय? उद्या दात येतील."

पण जुना निघेल तर नवा बसणार ना!

मुलीने आधी रबरी हातमोजा घालून फिरवून पाहिला. मग पुसायची चिंधी गुंडाळून पक्कड लावली. मग तेल सोडलं आणि अर्धा तास वाट पाहिली. घाम पुसत तिने विचारलं, "बाबा, हा मुळात आटे फिरवून बसवलेलाच आहे ना?"

"हो तर. गंजला असेल," काटेवाले म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

साफ खोटं. नॉब का निघत नाही हे घरात एकट्या त्यांना माहीत होतं. दरवाजा उघडून ठेवलेल्या गाडीशेजारी स्टुलावर ते ही गोष्ट गिळून बसले होते, आणि का, तेही त्यांना पक्कं माहीत होतं. नॉब निघाला नाही, तर दोष नॉबचा. पण निघाला, नवा बसला, बोटं त्याच्या खाचांत नीट गेली, आणि तरीही गिअर पडला नाही तर? मग सांगायला काही उरत नाही. मग आपण दारात खुर्ची टाकून बसलेले म्हातारे. ही भीती आठ दिवस त्यांच्या मागे लागली होती. वरवर मात्र त्यांची टर उडवणं चालूच होतं.

सव्वातीन झाले. बायको खिडकीतून म्हणाली, "अगं, जरा बस. चेहरा बघ कसा झालाय."

"आई, बसायला वेळ नाहीये," मुलगी म्हणाली आणि पिशवीतून छोटी करवत काढली. "हा आता कापून काढायचा. बास झालं."

"अगं ए! थांब!" काटेवाले स्टुलावरून उठलेच. "कापू नकोस तो!"

"का? गाडी गेली तरी चालेल, पण हा सडका नॉब राहू दे?"

काटेवाले पुन्हा स्टुलावर बसले आणि गाडीच्या चाकाकडे बघत बोलायला लागले.

"गंजबिंज काही नाही. मी चिकटवलाय तो. दोन ट्यूबांतलं मिसळून करतात ना, त्या गोंदाने."

"तुम्ही? कधी?"

"तू चार वर्षांची होतीस. सोमवार आला की तू गाडीत शिरून हा काढून घ्यायचीस आणि लपवायचीस. कधी पिठाच्या डब्यात, कधी माझ्याच बुटात. बाबा जाऊ नये म्हणून. आम्ही तुला खार म्हणायचो त्यावरून. आधी गंमत वाटायची. मग शोधाशोधीत दोन बाजार बुडाले. मग एका रविवारी तू झोपल्यावर मी..." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी सकाळी तू सीटवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी फिरवत होतीस. फिरेना. रडत नव्हतीस, नुसती फिरवत होतीस. मी दारातून बघितलं. तुला उचलून खाली ठेवलं आणि निघून गेलो. चार दिवसांनी आलो."

खिडकीतून बायको ऐकत होती. हे तिलाही नवीनच होतं.

मुलीने करवत खाली ठेवली. "लपवायचे ते आठवतंय," ती हळूच म्हणाली. "पण गोंद लावलाय हे कुठे माहीत होतं मला? मला वाटलं, माझ्याच हातात जोर नाही. म्हणून मी दूध प्यायला लागले."

"काय?"

"विचारा आईला. थू थू करणारी मी एकदम दोन-दोन पेले प्यायला लागले. जोर यावा म्हणून. दर सोमवारी बघायचे, आला का."

काटेवाल्यांचे डोळे भरून आले. उजव्या हाताने पुसायचंही त्यांना सुचेना. "चुकलं ग माझं," ते म्हणाले. तीस वर्षांत कुणाला हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकू आला नव्हता.

"रडताय काय? गोंद आहे ना, मग सोपं आहे. गोंद तापला की मऊ होतो," मुलगी म्हणाली. "आई, केस वाळवायचं मशीन दे. आणि वायरचा तो लांब बोर्ड."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आली आणि भर दुपारी गाडीच्या नॉबला गरम हवा सुरू झाली. पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास. मधून मधून मुलगी चिंधी धरून फिरवून बघत होती. "ओढू नकोस, नुसता जोर धरून ठेव," काटेवाले गाडीत वाकून म्हणाले, आणि आपला उजवा हात त्यांनी तिच्या हातावर ठेवला. बारीक कुरकुर झाली. नॉब केसभर सरकला. मग बोटभर. मग दोघांच्या हातांत सुटून आला.

नवा नॉब आट्यांवर घट्ट बसला. काटेवाले गाडीत बसले, क्लच दाबला, आणि डावा हात त्या गुलाबी बटाट्यावर ठेवला. एकेक बोट आपापल्या खाचेत जाऊन बसलं. पहिला पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला हात अर्ध्यावर अडला आणि खाली आला.

फाटकाशी शिंपी येऊन उभा राहिला होता. पाचाला दहा कमी होते.

"दुखतंय का?" मुलीने विचारलं.

"नाही. भीती वाटते," काटेवाले म्हणाले. सगळ्यांसमोर, शिंप्यासमोर, म्हणून टाकलं एकदाचं.

"मग वाटू दे. मी इथेच आहे. बोटांनी नका ढकलू, खांद्याने ढकला."

त्यांनी खांद्याने ढकललं. तिसरा पडला. चौथा पडला, पाचवा पडला, आणि रिव्हर्स तर असा खटकन पडला की शिंप्याने टाळीच वाजवली. "सुटलो बुवा!" तो म्हणाला. "मला गाडी चालवताच येत नाही, काटेवाले. तुम्ही बोलू कुठे दिलंत!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत, ते तिचं तिलाच माहीत. काटेवाल्यांनी गाडी सुरू केली. हळूहळू फाटकाबाहेर काढली, आणि काचेतून उजवा हात बाहेर काढून मुलीला म्हणाले, "तो जुना दे इकडे."

तिने काळा नॉब मुठीत धरून हात पाठीमागे नेला. "नाही देणार. जाऊन या, मग देते."

ते पहिल्या गिअरमध्ये निघाले, कोपऱ्याकडे. त्या सगळ्या सोमवारांत त्यांनी आरशात कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर गाडी पुढे गेलीच नसती. आज पाहिलं. फाटकाशी ती हात पाठीमागे धरून उभी होती, आणि कोपऱ्यावरून वळून परत येईपर्यंत जागची हलली नाही.