सॅलमँडर आणि विलीचं भाषण

एलेरुपचं गावतळं सुधारलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण विलीसमोर ते बोलायचं नाही. त्याच्या मते तसं काही घडलेलंच नाही; तळं अजून हिरवंगार आहे आणि तळाशी कुणाचा तरी फ्रीज आहे.

दर जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, तळ्याकाठी संत हान्सची होळी पेटते. चिंध्यांची चेटकीण जळते आणि गावातलं कुणीतरी भाषण करतं. विली साठीला आला तरी त्याची पाळी आली नव्हती. कधी पाद्री आडवा यायचा, कधी नुकताच विधुर झालेला एखादा. विधुरापुढे काय बोलणार? यंदा तळे समितीची अध्यक्ष बोडिल म्हणाली, "गाळ काढून दे, भाषण तुझं."

विलीनं थंडी सरता सरता गावाला कामाला जुंपलं. सकाळी कडू दारूचा घोट, बन, चीज, मग गाळ. फ्रीज निघाला. त्यात बिअर निघाली. तीही संपवण्यात आली. पाण्यावर सावली धरणारे वाळुंज तोडून होळीसाठी काठावर मोठा ढीग रचला. पाणी नितळलं. बेडूक आले, चतुर आले, पालीसारखे दिसणारे, पाण्यात अंडी घालणारे तुरेवाले सॅलमँडरही आले.

होळीच्या आदल्या दिवशी बोडिल ढिगापाशी उकिडवी बसली होती.

"विली, इकडे ये. ओरडू नकोस."

तिच्या तळहातावर नारिंगी पोटाचं काळं, खडबडीत काहीतरी होतं.

"पाण्यातून निघून ढिगात राहायला आलेत. संरक्षित प्राणी आहेत हे. ढीग जाळायचा नाही, हलवायचाही नाही."

"किती आहेत?"

"तुझ्या भाषणाला आले असते त्याहून जास्त."

"शेजारच्या गावात जाऊन बोलतो."

"तिथं त्यांचा विली असेल की."

"मग बिनआगीचं बोलतो."

"अरे बाबा, आगीशिवाय कुणी उभं राहून तुझं ऐकेल होय?"

विलीनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"पण तळं झकास केलंस हो."

"कुठलं तळं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भाषणासाठी घेतलेला टाय लावून, त्यानं नगरपालिकेला अर्ज लिहिला:

"एप्रिलमध्ये सॅलमँडर पाण्यात असतात व ढीग रिकामा असतो, असे आपल्याच पत्रकात नमूद आहे. सबब, वर्षातला सर्वांत मोठा दिवस एलेरुपपुरता कायमस्वरूपी एप्रिलच्या मध्यास आणावा, ही विनंती. सूर्याशी आवश्यक तो पत्रव्यवहार आपल्या स्तरावर व्हावा."