एक माणूस जास्त

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण बारकीचं भरत होतं. दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, कोरायचा, घासून गुळगुळीत करायचा. कुणाचा सुळा मूळचा वाकडा असेल तर कवळीतही तो तितकाच वाकडा ठेवायचा, म्हणजे माणूस हसला की घरच्यांना ओळखीचा वाटतो. वय चव्वेचाळीस, पण दोन भावंडांतली धाकटी म्हणून घरात बारकी, आणि ते नाव कसं कोण जाणे कारखान्यातही पोचलं होतं.

आई दादाकडे राहायची. दादाचं शहर विमानाने अडीच तासांवर, रस्त्याने दोन दिवसांवर. बारकी नेहमी सगळ्यात स्वस्त कंपनीने जायची. त्या कंपनीत श्वास सोडून सगळ्याचे वेगळे पैसे पडतात, असं ती गमतीने म्हणायची. जागा निवडायची? पैसे. मोठी बॅग? पैसे. पाणी? पैसे. बारकी एकेका चौकोनात ‘नको’ दाबत जायची आणि मधल्या खुर्चीत, गुडघे पोटाशी घेऊन, पिशवी पायाखाली सरकवून बसायची. अडीच तासांचा तर प्रश्न. तेवढ्यासाठी कोण चौपट मोजणार?

त्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला, की आईचं खाणं कमी झालंय, येऊन जा. बारकीने त्याच संध्याकाळी तिकिटं पाहिली. येत्या शुक्रवारचं होतं, पण भारी महाग. एकोणीस दिवसांनंतरच्या मंगळवारचं त्याच्या पाव किमतीत होतं. तारीख बदलता येणार नाही, पैसे परत नाहीत. तिने दादाला फोन लावला.

“घाई आहे का रे?”

“घाई अशी नाही,” दादा म्हणाला. “पण ये.”

तिने पहिलं वाक्य ऐकलं आणि मंगळवारचं तिकीट काढलं.

आई अकराव्या दिवशी गेली. पहाटे फोन आला तेव्हा त्या दिवसाच्या एकाही विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी होती, पण तोवर सगळं उरकणार होतं. “आता धावत येऊन काय करणार?” दादा म्हणाला. “आहे त्या तिकिटावर ये.” आठ दिवस ती कामावर जात राहिली, लोकांचे दात कोरत राहिली, आणि मंगळवारी स्वस्तातल्या तिकिटावर रिकाम्या खोलीत जाऊन पोचली.

चार दिवस राहिली. आईच्या पलंगावरची गादी काढून टाकली होती. नुसत्या फळ्या होत्या. उशाशी औषधाच्या बाटलीचा गोल डाग होता. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला जड गेलं. मात्र घरात काहीतरी बिनसलं होतं. दादा आईच्या खोलीवरून जाताना पावलं न वाजवता जायचा, जणू कुणी झोपलंय. वहिनी तर त्या खोलीत एकटी पाऊलच टाकायची नाही. दुःखात माणसं अशी वागतात, असं बारकीने मनाशी म्हटलं.

निघायच्या सकाळी वहिनीने आईचे कपडे बाहेर काढले. दोन स्वेटर, एक शाल आणि तो जाड करडा कोट, जो आईने वीस हिवाळे वापरला होता.

“हे तू ने.”

“वहिनी, माझ्याकडे एवढीशी पिशवी आहे. मोठ्या बॅगेचे तिकिटाहून जास्त पडतील.”

“मग अंगावर घाल. अंगावरच्याला कोण पैसे लावतंय?” वहिनीने उत्तराची वाट पाहिली नाही. एकावर एक स्वेटर तिच्या डोक्यातून घातले, शाल गुंडाळली, वर कोट चढवला आणि शाळेत जाणाऱ्या पोरीची लावावीत तशी गळ्यापर्यंत बटणं लावली. शेवटचं बटण लावून ती म्हणाली, “सांभाळून जा हं,” पण बघत होती कोटाकडे.

विमानतळावर बारकीला दरदरून घाम फुटला. पिशवी मोजायच्या लोखंडी चौकटीत पिशवी बरोबर बसली. दारावरच्या माणसाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काकू, सगळं कपाट घालून निघालात की!” तो हसला आणि त्याने तिला सोडलं.

तेविसावी रांग, मधली जागा. मधल्या वाटेकडच्या खुर्चीत कानात बोळे घातलेला एक तरुण डोळे मिटून बसला होता. खिडकीची जागा रिकामी होती. विमान भरत गेलं, लोक आले, डोक्यावरच्या कप्प्यांवरून भांडले, बसले. खिडकीशी कुणी आलं नाही. बारकीला तिथे सरकावंसं वाटलं, पण त्या जागेचे पैसे तिने भरले नव्हते.

मग विमानातली एक मुलगी माणसं मोजत आली. तिच्या मुठीत छोटं यंत्र होतं. प्रत्येक डोक्याला अंगठ्याने एकदा दाबायचं. टिक, टिक, टिक. शेवटपर्यंत गेली, आकडा पाहिला, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा पुढून सुरुवात केली. मग दुसरी मुलगी आली. तिनेही दोनदा मोजलं. तेविसाव्या रांगेशी दोघींचाही अंगठा किंचित अडखळत होता.

“तुमच्या मांडीवर बाळ आहे का?” दुसरीने विचारलं.

“नाही.”

“कोटाच्या आत?”

बारकीने मुकाट्याने बटणं सोडून कोट उघडून दाखवला. आत स्वेटर. मुलगी ओशाळली आणि निघून गेली. थोडा उशीर होतोय, अशी घोषणा झाली. मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला.

शेवटी त्या मुलींची मुख्य बाई आली. पन्नाशीची, शांत, जिला आयुष्यात कशाचं फारसं नवल उरलेलं नाही अशी. तिने स्वतः मोजलं, मग त्या तरुणाला उठवून पुढे पाठवलं आणि त्याच्या जागी बारकीशेजारी बसली.

“बाई, रागावू नका,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्या कागदावर एकशे अठ्ठेचाळीस माणसं आहेत. आम्ही तिघींनी मोजली. दर वेळी एकशे एकोणपन्नास. आणि तो जास्तीचा आकडा दर वेळी याच रांगेत पडतोय.”

“पण ही जागा रिकामी आहे.”

“दिसतंय मला. उभी राहून बघते तेव्हा रिकामीच दिसते. मोजत जाते तेव्हा अंगठा आपोआप दाबला जातो.”

बारकीने खिडकीच्या खुर्चीकडे नीट पाहिलं. मघापासून तिथे जे होतं ते तिला आत्ता दिसलं. पट्टा लावलेला होता. रिकाम्या खुर्चीचा पट्टा दोन्हीकडे सैल लोंबत असतो. हा बंद होता, आणि मधे मांडीएवढी जागा सोडून हवेत ताठ उभा होता.

त्याच वेळी त्या बाजूची कोटाची बाही तिला किंचित ओढल्यासारखी वाटली. हिसका नाही, रस्ता ओलांडताना घाबरट माणूस धरतो तशी चिमटीत धरलेली. आई अशीच धरायची. हात कधी धरायची नाही, बाही.

“मला दार बंद करता येत नाही,” मुख्य बाई म्हणाली. “आकडा जुळल्याशिवाय नाही. असं मला एकदा पूर्वी झालंय, म्हणून सांगते. तुम्ही तो कोट उतरवून माझ्याकडे द्या. खाली विसरलेल्या वस्तूंची खोली आहे, तिथे ठेवतील. तुम्ही तुमच्या तिकिटावर वेळेत घरी जाल. नाहीतर...” तिने वाक्य अर्धंच सोडलं.

“नाहीतर उतरायचं?”

“हो. आणि पैसे परत मिळणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आठ कवळ्या तिची वाट बघत होत्या. नवं तिकीट काढायचं तर पुन्हा तेच चौकोन, तेच आकडे. पण त्या खोलीचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. छत्र्या, चष्मे, पोरांची खेळणी, आणि खुंटीला कोट. तिने हिशेब केलाच नाही.

“आम्ही उतरतो,” ती म्हणाली. ‘आम्ही’ तोंडातून आपसूक आलं.

ती वाकली आणि रिकाम्या खुर्चीचा पट्टा तिने सोडला. तो खटकन उघडून दोन्हीकडे ढिला पडला. “एकीपायी सगळ्यांचा खोळंबा,” कुणीतरी पुटपुटलं. ती एका कडेने चालत गेली, शेजारी जागा ठेवून. दारातल्या मुलीने तिला बाहेर जाताना पाहिलं आणि, तिच्याही ध्यानात आलं नसेल, मुठीतलं यंत्र दोनदा दाबलं.

विमान गेलं. मोठ्या काचेसमोरच्या बाकावर बसून बारकीने दादाला फोन केला. काय झालं ते सांगायला शब्द जुळवत होती, तर तोच मधे म्हणाला, “तुझ्याबरोबर आहे?”

“तुला माहीत होतं?”

“ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पलंग सकाळी कोमट असायचा. गादी काढली, तरी फळ्या कोमट. आणि हिला स्वयंपाकघरात मागून आवाज यायचा. एकच प्रश्न.”

“कोणता?”

दादा म्हणाला, “बारकी आली का?”

समोरच्या काचेत बारकीला स्वतःचं फुगलेलं, कोटातलं रूप दिसत होतं. शेजारच्या बाकाकडे बघायचं तिने टाळलं.

“तू आलीस आणि आवाज थांबला,” दादा सांगत होता. “पण पलंग कोमटच. हीच म्हणाली, की आईंना तिच्याबरोबर जायचं असेल, जाऊ देत. चुकलं गं आमचं. तुला न सांगता असं...”

“सांगायचं होतंस रे.”

“सांगितलं असतं तर नेली असतीस?”

“नेली असती की,” बारकी म्हणाली, आणि ते खरं आहे हे तिला बोलल्यावर कळलं.

तिने लांबच्या बसची दोन तिकिटं काढली. “दुसरं कोण?” खिडकीतल्या माणसाने विचारलं. “आहेत,” ती म्हणाली. बसमध्ये तिने खिडकीची जागा रिकामी ठेवली आणि स्वतः कडेला बसली. भीती वाटत होती. नाही कशी वाटेल? पण आई असताना तिच्याशी जे बोलायचं राहिलं होतं ते भीतीपेक्षा जास्त होतं. शहर मागे पडल्यावर ती हलक्या आवाजात बोलायला लागली. नव्या घराची गळणारी तोटी, कारखान्यातली चेष्टामस्करी, मोडलेलं एक लग्न ज्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि ते तिकीट. “मी पहिलं वाक्य ऐकलं गं,” ती म्हणाली. “दुसरं मुद्दाम ऐकलं नाही.” बाहीवरची पकड सुटली नाही, घट्टही झाली नाही. शेजारची खुर्ची कोमट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस उघड्या माळावरून चालली होती. दोन्हीकडे वाळलेलं गवत, मैलोन् मैल घर नाही. तेवढ्यात थांबण्याची घंटा वाजली. ड्रायव्हरने बस कडेला घेतली. पत्र्याची एक शेड, तिच्यावर नावाची पाटी, एक बाक, तीन उंच झाडं, आणि गवतातून आत गेलेली एक पायवाट. दार उघडलं. कुणी उठलं नाही.

बारकीची बाही एकदा ओढली गेली. मग सुटली. शेजारच्या खुर्चीची दबलेली बैठक सावकाश वर आली.

ड्रायव्हर आरशात बघत थांबला होता. “उतरल्या का?” त्याने विचारलं.

“उतरल्या, उतरल्या,” पुढच्या बाकावरची एक म्हातारी विणकामातून मान वर न काढता म्हणाली.

दार बंद झालं. बस हलली तशी बारकी खिडकीला जाऊन चिकटली. पायवाटेवर कुणी नव्हतं. वारा पडलेला होता, तरी वाटेच्या कडेचं गवत एका ओळीत, एकेक पाऊल पुढे, वाकत चाललं होतं. घाईघाईने. आई इतक्या भरभर चाललेली तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

“थांबवा!” ती ओरडली. “मला उतरायचंय!”

“आता पुढचा थांबा तासाभराने, बाई,” ड्रायव्हर म्हणाला.

संध्याकाळी ती घरी पोचली. एकेक कपडा उतरवून तिने पलंगावर ठेवला. ते आता नुसते कपडे होते, जुन्या लोकरीचा वास असलेले. फोन वाजला.

“पोचलात का दोघी?” दादाने विचारलं.

“मी पोचले.”

“आणि ती?”

“ती मधेच उतरली.” तिने थांब्याचं नाव सांगितलं.

दादाने ते नाव पुन्हा उच्चारून पाहिलं. “तिथे आपलं कोण आहे?”

“कुणीच नाही.”

“आईने कधी नावही घेतलं नाही त्या जागेचं.” “मग कुणाकडे गेली असेल गं?”