खुंटीवरचा करार

मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे. निजामाच्या राज्यात, कमलनगरजवळच्या एका तळ्याकाठी राजूबाईनं मला अंबाडीच्या दोरानं वळलं. नवरा गेल्यावर तिच्याकडे तळ्यालगतचा हरभऱ्याचा एकच तुकडा उरला होता. तो आम्ही दोघी राखत असू. माझा नुसता फटकारा ऐकून पाखरं उडत. "माझी गोफण म्हंजे दोन गडी," असं ती सगळ्यांना सांगे, आणि मी फुगून जाई.

दर कार्तिकात उत्तरेकडून करकोचे येत. दूर दक्षिणेला जाताना पंधरा दिवस आमच्या तळ्यावर टेकत, काठच्या शेतांत चरत. पूर्वी म्हणे आकाश भरून जाई. माझ्या काळी मोजून साठ उरले होते. करकोचे टेकले की साल सुखाचं, असा सगळ्यांचा समज. म्हणून दोन्ही काठची गावं महादेवाच्या देवळात बसली. पाखरं असेतो गोफणी देवळातल्या खुंटीवर टांगायच्या, असं ठरलं.

"आधी तुमच्या टांगा, नागप्पाअण्णा," अलीकडच्या गावचे अंबाजी म्हणाले.

"आमच्याच कामून?" पलीकडचे नागप्पा उसळले.

"पाखरं येऊन माघारी बी जातील, तुमचं आधी कोण ते संपायचं न्हाई," असं म्हणत राजूबाईनं मला टांगलंसुद्धा.

मग एकतीस घरांच्या एकतीस गोफणी खुंटीला लागल्या. नारळ फुटला. मी शेजारणींकडे नीट पाहिलं. कुणाची झोळी फाटकी, कुणाचा दोर उंदरांनी खाल्लेला. कामाची मी एकटीच! माणसं मोठी हुशार.

दुसऱ्याच दिवशी शेतांतून घरी ठेवलेल्या धडक्या गोफणींचे फटकारे ऐकू आले. हाकललेले साठच्या साठ करकोचे राजूबाईच्या हरभऱ्यात उतरले.

"भावजी, तुमच्या शेतात गोफण वाजायलीय," ती अंबाजींना म्हणाली.

"वारं असंल, वहिनी."

"वाऱ्याला गोफण कुणी वळून दिली?"

अंबाजी हसले. "पलीकडचे बी करायलेत की!"

त्या साली तिच्या पदरात जेमतेम दोन पायल्या हरभरा पडला. पुढच्या कार्तिकात सतराच करकोचे आले. दोन्ही गावांनी महादेवाची शपथ घेतली, म्हणून तिनं मला पुन्हा टांगलं. पुन्हा तेच फटकारे, पुन्हा तिचंच शेत. तिसऱ्या सकाळी ती देवळात आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं.

"करार मोडायलीस, अक्का?" नागप्पांनी विचारलं.

"करारात मी एकलीच हाय, अण्णा. एकलीचा कसला करार?"

शेतात जाऊन तिनं मला डोक्याभोवती फिरवलं. दगड पाण्यात पडला. सतरा करकोचे उठले. तळ्यावर दोन घिरट्या घालून त्यांनी टेकायला जागा शोधली. दोन्ही काठांवरून फटकारे उठले. मग ते गेले, ते पुन्हा कधी आलेच नाहीत.

दोन्ही गावांचं त्यानंतर एका गोष्टीवर अगदी एकमत झालं: करार राजूबाईनं मोडला.

मित्रांनो, कुणासाठी काही सोडायचं झालं, तर उपयोगाचं सोडा, एवढंच सांगते. खरं तर सांगायचा मला हक्क नाही. त्यांना शेवटचं उठवलं ते मीच.