उशीर झालेली ट्राम

मित्रांनो, मी एक जुनी ट्राम आहे आणि मला जरा उशीर झाला आहे. जरा म्हणजे किती, तर ज्यांना मी त्या दिवशी घरी पोचवणार होते, त्यांची नातवंडं आता नोकरीला लागली आहेत. या उशिरात माझा काही दोष नाही. तरी सगळं सुरुवातीपासून सांगते.

माझी चाकं एका कारखान्यात झाली, छप्पर दुसऱ्यात आणि खिडक्या तिसऱ्यात, त्यामुळे माझी स्वतःशी ओळख व्हायलाच बराच वेळ लागला. सुताराने माझी लाकडी बाकं घासून इतकी गुळगुळीत केली होती की पहिल्याच वळणावर सगळे प्रवासी एका कोपऱ्यात गोळा झाले. त्यातून काही लग्नंही जुळली म्हणतात.

मला पुढे आणि मागे अशी दोन तोंडं आहेत. शेवटचा थांबा आला की मला वळावं लागत नसे. ड्रायव्हर आपला चालवायचा दांडा काढून काखेत मारत आणि माझ्या पोटातून चालत दुसऱ्या टोकाला जात. कंडक्टर छपरावरचा खांब दोरीने ओढून विजेच्या तारेवर उलटा टेकवत आणि मग एकेका बाकाची पाठ धाडकन पलीकडे लोटत. की झालं, शेपटीचं तोंड झालं. इतक्या सहज मागे फिरणारं मी तरी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

माझे ड्रायव्हर आणि कंडक्टर हे भावोजी-मेहुणे. ड्रायव्हरांची बायको ती कंडक्टरांची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही. तिघं एकाच घरात राहायची. आता नियम असा, की कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. त्यामुळे या घरात कुरबूर झाली की शहराची वाहतूक अडायची.

"मेहुणे, घंटी," पुढून ड्रायव्हर म्हणत.

"आधी सांगा, काल पंखा कोणी बंद केला?" मागून कंडक्टर.

"तुमच्या बहिणीने."

"ताई झोपेत उठून पंखा बंद करत नाही, भावोजी."

"अहो, मला बँकेत जायचंय," मधल्या बाकावरून कोणीतरी म्हणे. "पंखा मी बंद केला असं समजा."

मग घंटी होई.

ते माझे चांगले दिवस होते. एक बाई रोज माझ्यात बसून शाळेच्या वह्या तपासत. वळणावर त्यांची लाल पेन्सिल घसरे आणि एखाद्याच्या चुकीवर बरोबरची खूण उमटे. त्या शाळेतली मुलं गणितात हुशार म्हणून नावाजलेली होती. लोक माझ्या आवाजावर घड्याळं लावत, आणि आम्हाला उशीर झाला की घड्याळ पुढे पळतंय असं समजत.

मग रस्त्यावर मोटारी वाढल्या. ट्राम मध्ये येते, अशी लोकांची तक्रार सुरू झाली. मी कुठेही येत नव्हते, मी रुळावर होते. मध्ये तेच येत होते, पण ते संख्येने जास्त असल्यामुळे त्यांचं खरं ठरलं. ट्राम बंद करायचा निर्णय झाला.

शेवटच्या दिवशी एक ट्राम फुलांनी सजवली होती. तिच्यात पाहुणे बसणार होते. ती पुढे जावी म्हणून आम्हाला गिरणीच्या बोळापाशी बाजूच्या रुळावर घेतलं. "दोन मिनिटं थांबा," साहेब म्हणाले. सजवलेली ट्राम गेली. डेपोत भाषणं झाली. मुख्य पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात ट्रामच्या तारांची वीज कायमची बंद केली. आम्ही अजून वाटेतच होतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाकीचे प्रवासी हळूहळू उतरून गेले. एक आजोबा मात्र दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. तिकीट शेवटच्या थांब्याचं आहे, एवढंच ते म्हणत होते. शेवटी कंडक्टरांनी त्यांची पिशवी उचलली, त्यांचा हात धरला आणि रुळांवरून चालत, प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने पुकारत त्यांना पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर कचेरीत गेले. "साहेब, बोळापाशी एक ट्राम राहिलीय."

"ट्राम बंद झाल्यात."

"म्हणूनच राहिलीय."

"हे बघा, बंद झाल्यात म्हणजे रस्त्यावर ट्राम असू शकत नाही. तुम्ही दमलाय. घरी जा."

अशा रीतीने मी नाहीशी झाले. दोघं बसवर कामाला लागले. माझ्या अंगावर जाहिरातींचे कागद चढले, छपरावर कबुतरांनी संसार मांडले, काही खिडक्या चेंडूंनी फोडल्या. येणारेजाणारे मला वळसा घालत, पण माझ्याकडे बघत नसत. भर रस्त्यात असून दिसू नये, ही फार विचित्र अवस्था असते, मित्रांनो.

मग एके सकाळी ताई झाडू घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र घेऊन आल्या. "एवढी उजेडाची जागा रिकामी पडलेली बघवत नाही मला," त्या म्हणाल्या. माझ्यात शिलाईचं दुकान सुरू झालं. उभ्या प्रवाशांनी धरायच्या कड्यांना आता हँगर लटकले. एका टोकाच्या केबिनला पडदा लावून पुरुषांनी कपडे घालून बघायची सोय झाली, दुसऱ्या टोकाला बायकांची. दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली, की ताई मधल्या बाकाची पाठ उलटी लोटत. मग ती एकमेकांकडे पाठ करून मुकाट्याने बसत.

दर आठवड्याला शिवणयंत्राला तेल घातलं, की कुपीत उरलेलं तेल ताई माझ्या चाकांना घालत. बोळातली माणसं हसत. "कुठे पळवायचीय हिला?" असं विचारत. "कुठे नाही. कुरकुरत राहणारी माणसं घरात दोन आहेत, तिसरं नको," ताई म्हणत.

वर्षं गेली. मोटारी इतक्या झाल्या की त्यांना हलायला जागा उरली नाही. तेव्हा शहरातल्या हुशार लोकांना एक अगदी नवी कल्पना सुचली. रस्त्यात रूळ टाकायचे, वर तार ओढायची आणि विजेवर एक लांब गाडी चालवायची. या कल्पनेचं सगळीकडे कौतुक झालं. मी बोळापाशी उभी राहून ऐकत होते.

रूळ टाकता टाकता काम माझ्यापर्यंत आलं. पिवळं हेल्मेट घातलेली एक तरुण अभियंता बाई आत डोकावली.

"मावशी, हिला हलवावं लागेल. नव्या ट्राम इथूनच मागे फिरणार आहेत."

"हलवून कुठे नेणार?" ताईंनी दोरा तोडत विचारलं.

"डेपोत. तपासतील. चालण्यासारखी असली तर ठेवतील, नाहीतर तोडतील."

"आणि माझं दुकान?"

तिने हेल्मेट काढलं, परत घातलं. "दुकान आराखड्यात नाहीये."

"शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत मला. अर्धे झालेत. मी काही उतरत नाही."

"अहो, इथे क्रेन शिरत नाही, म्हणून नवी ट्राम हिला ओढून नेणार आहे."

"मग ओढा ना. मी शिवत बसते."

माझ्या जुन्या ब्रेकचं चाक कोणाला झेपेना, म्हणून निवृत्त ड्रायव्हरांना बोलावलं. ते मेहुण्यांशिवाय येईनात. दोघांनी पेटीतून जुने कोट काढले. ताईंनी सकाळीच त्यांच्या बाजू उसवून कापड सोडलं होतं, तरी बटणं लागली नाहीत. मला पुढच्या चकचकीत ट्रामला जोडलं. सगळे वाट बघू लागले.

"मेहुणे, घंटी."

मागून घंटीऐवजी प्रश्न आला. "भावोजी, तो पंखा तुम्हीच बंद करायचात ना?"

"हो," ड्रायव्हर म्हणाले. "थंडी वाजायची मला."

दोनदा घंटी झाली, आणि माझी चाकं फिरली. मला वाटलं होतं, मी मधूनच मोडेन. मी नुसती खडखडले, तेही आनंदाने.

पुढची ट्राम चाचणीवर होती, तिची दारं बंद. मला दारंच नाहीत. पहिल्या थांब्यावर पिशवी घेतलेल्या एका बाईने हात केला. वेग पायी चालण्याइतकाच होता, ती सरळ चढली.

"कुठे जाते ही?"

"डेपोत," ताई म्हणाल्या. "बहुतेक तोडायला."

"वाटेत बाजार लागतो का?"

"लागतो की."

"मग बसते."

पुढच्या थांब्यावर आणखी काही चढले, त्याच्या पुढे अजून. एकाने तुटलेलं बटण लावून घेतलं. एकाने विजारीचं माप दिलं, पण वळण आलं आणि सगळे त्याच्यासकट कोपऱ्यात गोळा झाले, त्यामुळे कमर कोणाची मोजली ते आजही नक्की नाही. बाजार आला तरी पिशवीवाली उतरली नाही, तिला खिडकी मिळाली होती. अभियंता बाई बाजूने पळत ओरडत होती, "चढू नका, ही ट्राम नाहीये."

"मग काय आहे?" विजारवाल्याने आतून विचारलं.

तिने मला नखशिखांत पाहिलं, आणि मग तीही चढली.

डेपोत मोठे साहेब हातोडी घेऊन उभे होते. त्यांनी माझी चाकं ठोकून पाहिली, बोटाला लागलेलं तेल हुंगलं. "चाकं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण ठेवून करायचं काय? शोभेसाठी जागा नाही. आणि हे दुकान तर आजच काढा."

ताईंनी शिवणयंत्रावर कापड झाकलं. इतक्या वर्षांत भरदिवसा त्यांनी ते झाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ड्रायव्हर ब्रेकच्या चाकावरून हात काढत नव्हते. कंडक्टर हळू आवाजात म्हणाले, "शेवटचा थांबा. उतरून घ्या."

कोणी उठलं नाही.

"ही परत कधी निघते?" पिशवीवालीने विचारलं.

साहेबांनी अभियंता बाईकडे पाहिलं. तिने मागे पाहिलं, पण मागे कोणी नव्हतं.

"माझी विजार शिवायला दिलीय," विजारवाला म्हणाला. "ती घ्यायला मी काय उडत येऊ?"

"परत निघते..." अभियंता बाई म्हणाली. "रविवारी."

रविवारच का, हे तिलाही सांगता येत नाही. तोंडात तोच वार आला म्हणते. पण कंडक्टरांनी तो लगेच या टोकापासून त्या टोकापर्यंत पुकारला. एवढ्या लोकांना सांगून झाल्यावर रविवार मागे घेणं साहेबांना शक्य नव्हतं. आणि विजार द्यायची म्हणजे दुकानही ठेवणं आलं.

आता मी दर रविवारी डेपो ते बोळ आणि बोळ ते डेपो जाते. इतर दिवशी शेडमध्ये उभी असते आणि माझ्यात दुकान चालू असतं. नव्या ट्राम स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांची दारं आपोआप उघडतात, बाकं गादीची आहेत, त्यामुळे लग्नं मात्र जुळत नाहीत.

मित्रांनो, एक दिवस त्याही जुन्या होतील. तेव्हा हातात हातोडी घेतलेलं कोणीतरी विचारेल, हिला ठेवून करायचं काय? तुम्ही तेव्हा गप्प बसू नका, आणि भांडूही नका. बाकावर नीट बसून राहा आणि विचारा, ही परत कधी निघते? याचं उत्तर कोणाकडेच तयार नसतं. पण चारचौघांत विचारलं की ते द्यावं लागतं.